सायकलचा रेट नाही

सायकलने ऑफिसला जायला सुरुवात कशी करावी यावर इंटरनेटवर आणि पेपरांच्या पुरवण्यांत ढीगभर लिहिलेलं आहे. त्यातलं बरंचसं मी वाचलंय. हेल्मेट घ्या. आधी एखाद्या रविवारी रस्ता बघून या. ऑफिसात जास्तीचा शर्ट ठेवा. पॅड लावलेली चड्डी घ्या. पहिल्या आठवड्यात दोनच दिवस जा, शरीराचं ऐका. सल्ला चुकीचा नाही. पण तो ज्याला दिलेला असतो तो माणूस मला आमच्या तालुक्यात अजून भेटलेला नाही. त्याचं घर ऑफिसपासून आठ-दहा किलोमीटरवर असतं, ऑफिसात शॉवर असतो, इमारतीखाली वॉचमन असतो आणि त्याच्यापुढचा मुख्य प्रश्न पहाटे उठायची इच्छाशक्ती हा असतो.

माझं घर शहापूर तालुक्यात आणि ऑफिस ऐरोलीत. अंतर साठेक किलोमीटर. म्हणजे त्या लेखांच्या हिशेबात मी विषयाबाहेर. सायकलने कामावर जाणं हा माझा प्रश्नच नव्हे, मी लोकलवाली.

तर माझं म्हणणं असं की विषयात मीच आहे आणि विषयाबाहेर ते लेख आहेत. माझ्या प्रवासातला सगळ्यात वाईट भाग साठ किलोमीटरचा नाही. आसनगावहून ठाण्यापर्यंत लोकल सव्वा तासाच्या आसपास नेते, तीही कधी कधी बसायला जागा देऊन. वाईट भाग आहे घर ते आसनगाव स्टेशन, सव्वाचार किलोमीटर. आणि रात्री तेच उलट.

सकाळी नाक्यावर शेअर रिक्षा उभी असते, पण ती भरल्याशिवाय हलत नाही. मागे चार, पुढे ड्रायव्हरच्या दोन बाजूंना दोन. सहावा माणूस येईपर्यंत पाच जणांनी त्याची वाट बघायची. तो गावातून चप्पल फटकारत येताना दिसतो, पण धावत नाही, कारण त्याला माहीत असतं की आपल्याशिवाय ही निघणार नाही. कधी पाच मिनिटं, कधी वीस. जायला वीस रुपये, यायला वीस. महिन्याचे बावीस दिवस धरले तर ८८० रुपये. ठाण्यापर्यंतच्या रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाच्या मासिक पासाला एवढे पडत नाहीत! पन्नासेक किलोमीटर स्वस्त आणि चार किलोमीटर महाग, हा आमच्याकडचा भूगोल आहे.

रात्रीचं गणित वेगळं. साडेआठ-नऊनंतर शेअर रिक्षा तुरळक होतात, मग 'स्पेशल' करा म्हणतात. म्हणून त्या वेळी स्टेशनबाहेर आलात तर एक दृश्य दिसेल. मोटारसायकलींची रांग, इंजिन बंद, एक पाय जमिनीवर आणि मोबाइलच्या उजेडात उजळलेले चेहरे. हे भाऊ, बाप आणि नवरे. आपापली बाई उतरण्याची वाट बघत असतात. चांगली माणसं आहेत, दिवसभर काम करून आलेली असतात. माझे पप्पाही पाच वर्षं त्या रांगेत उभे होते. पण ज्या मुलीचा असा कुणी नसतो, किंवा असतो पण त्याची सेकंड शिफ्ट लागते, तिचं काय होतं? माझ्या वर्गातल्या एकीने ठाण्यातली चांगली नोकरी या चार किलोमीटरपायी सोडली. राजीनाम्यात तिने 'वैयक्तिक कारण' लिहिलं. नीट पाहिलं तर ते कारण अजिबात वैयक्तिक नव्हतं.

आता सायकल. सव्वाचार किलोमीटर अंतर, अजिबात घाई न करता ताशी चौदाचा वेग, म्हणजे अठरा मिनिटं. चालत पन्नास. रिक्षाने थांबण्यासकट पंधरा ते तीस, त्यातली किती ते आधी कळत नाही. सायकलची अठरा मिनिटं रोज अठराच असतात, आणि लोकल पकडणाऱ्याला वेगापेक्षा याची किंमत जास्त. अठरा मिनिटांत सपाट रस्त्यावर शॉवर लागेल इतका घाम येत नाही. शर्ट बदलावा लागत नाही. मी पंजाबी ड्रेसवर जाते.

सायकल मी जुनी घेतली, चार हजारांना. बिनगिअरची, साधी. सुरुवात करणाऱ्याला मी सांगेन ते एवढंच. मडगार्ड हवं, चेनकव्हर हवं (ओढणी आणि सलवार दोन्हींसाठी), मागे कॅरिअर हवं, घंटी हवी आणि बरा स्टँड हवा. जाहिरातीत चकचकीत दिसणाऱ्या सायकलींवर नेमक्या याच पाच गोष्टी नसतात. सीट इतकी वर घ्या की पॅडल खाली गेल्यावर गुडघा जेमतेम वाकलेला राहील. आमच्याकडे सगळे सीट खाली ठेवतात, गुडघे पोटात घालून चालवतात आणि मग सायकलने पाय दुखतात म्हणतात. हवा आठवड्याला भरा. कुलूप नुसतं चाकात घालू नका, चाक आणि फ्रेम दोन्हींतून घ्या. पुढे पांढरा दिवा, मागे लाल. पावसाळ्यात चेनला तेल दर चार दिवसांनी. संपलं. यात कुठेही इच्छाशक्ती लागत नाही.

लागतं ते पुढे आहे.

पहिल्या दिवशी स्टेशनजवळच्या एका वाहनतळावर गेले. तिथला मुलगा पावतीपुस्तक घेऊन आला, माझ्याकडे बघितलं, सायकलकडे बघितलं, म्हणाला, "मॅडम, सायकलचा रेट नाय."

"म्हणजे फुकट?"

"फुकट कसं? लावताच येत नाय. रेट नाय ना."

बोर्डावर टू व्हीलर, थ्री व्हीलर, फोर व्हीलर असे दर होते. सायकल नव्हती. मी वाद घातला की मोटारसायकलच्या जागेत दोन सायकली मावतात. तो म्हणाला, मावत असतील. शेवटी मोटारसायकलचे पैसे घेऊन, तिचीच पावती फाडून, सायकल भिंतीला टेकवून ठेवू दिली. म्हणजे एक लाखाच्या गाडीला जे भाडं, तेच चार हजारांच्या सायकलला.

त्या मुलावर मला राग आला नाही, कारण ही चूक मी ओळखते. माझा धंदाच तो आहे. ऑफिसात आम्ही फॉर्म बनवतो. फॉर्ममध्ये खाली उघडणारी एक यादी असते आणि त्यातून माणसाने आपला पर्याय निवडायचा असतो. यादीत जे नाही ते जगात नाही. कधी तरी कुणी तरी एसी खोलीत बसून ठरवलेलं असतं की 'वाहनाचा प्रकार' या रकान्यात तीन पर्याय पुरे. पुढे त्या फॉर्मवरून आकडे निघतात, आकड्यांत सायकल शून्य दिसते, आणि मग म्हणता येतं की बघा, सायकल कुणी लावतच नाही, कशाला जागा ठेवायची. गंमत म्हणजे माझ्या आईच्या पिढीचे लोक अशा जागेला अजूनही 'सायकल स्टँड' म्हणतात. सायकल गेली, नाव उरलं.

ती खरंच गेली होती का, तेही बघू. २०११च्या जनगणनेत, शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामं करणाऱ्यांना कामावर कसे जाता हे विचारलं होतं. सायकलने जाणारे निघाले २ कोटी ६० लाखांच्या आसपास. स्कूटर-मोटारसायकलने जाणारे साधारण अडीच कोटी. म्हणजे एकविसाव्या शतकातली अकरा वर्षं उलटल्यावरही या देशात कामावर जाणाऱ्यांत सायकलवाले दुचाकीवाल्यांपेक्षा थोडे जास्तच होते. इतक्या माणसांसाठी कुणी 'सुरुवात कशी करावी' असा लेख लिहिला नव्हता. त्यांनी केव्हाच सुरुवात केली होती. त्यांना थांबवलं कुणी आणि कशाने, हा लेख लिहायला हवा होता.

थांबवणाऱ्यांत मी आहे. पप्पा अंबरनाथच्या एका कारखान्यात होते. आसनगाव स्टेशनपर्यंत सव्वीस वर्षं सायकल, काळी अ‍ॅटलस, हँडलला डब्याची पिशवी. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना एकदा संध्याकाळी मैत्रिणींबरोबर स्टेशनबाहेर आले आणि समोर पप्पा सायकलचं कुलूप काढत होते. मी पाहिलं न पाहिल्यासारखं करून पुढे गेले. त्यांनी हाक मारली नाही. घरी आल्यावर तो विषय निघाला नाही, कधीच निघाला नाही. पहिल्या पगाराचे तीन-चार महिने साठवून मी मोटारसायकलचं डाउन पेमेंट केलं आणि हप्ते माझ्या नावावर घेतले. अख्ख्या आळीत कौतुक झालं, पोरीने बापाला सायकलवरून उतरवलं. अ‍ॅटलस भंगारवाल्याने तीनशेला नेली. पुढे ३ जून २०२०ला, म्हणजे नेमक्या जागतिक सायकल दिनी, अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला ही बातमी वाचली तेव्हा मला ते तीनशे रुपये आठवले.

आमच्याकडे सायकल सोडणं म्हणजे काय असतं ते शहरातल्या सायकलप्रेमींना कळणार नाही. ती गरिबीतून बाहेर आल्याची पावती असते. म्हणून गोदामात रोजंदारीवर जाणारा माणूस उद्या मोटारसायकल घेणार असेल तर त्याला पर्यावरण शिकवायला मी जाणार नाही. बारा किलोमीटर आतल्या पाड्यावर राहणाऱ्यालाही नाही. चढ आहेत, पाऊस आहे, रात्र आहे, त्याचं त्याला कळतं. माझं भांडण माझ्यासारख्यांशी आहे. पदवी आहे, पगार आहे, घर स्टेशनपासून पाच किलोमीटरच्या आत आहे आणि तरी गाडीशिवाय बाहेर पाऊल टाकलं तर लोक काय म्हणतील याची भीती आहे.

लोक म्हणतात, हे खरं आहे. "काय गं, गाडीला काय झालं?" हा पहिला आठवडा. "एवढी शिकून सायकल?" हा दुसरा. मग आत्या आईला म्हणाली, "पाहुणे बघायला यायचेत आणि ही सायकलवर फिरतेय. पप्पांनी गाडी घेऊन दिली नाही असं वाटेल." आई माझ्या बाजूने बोलली नाही, पण सायकल आत घे, दारात नको, असंही म्हणाली नाही. मला ते पुरलं.

यातला विरोधाभास रविवारी दिसतो. पहाटे ठाण्या-मुंबईहून मुंबई-नाशिक हायवेवर सायकलस्वारांचे घोळके येतात. लाख-लाखाच्या सायकली, डोळ्यांवर गॉगल, मागून एक मदतीची गाडी. माहुलीच्या सुळक्यांसमोर फोटो काढतात, ढाब्यावर मिसळ खातात, परत जातात. ज्या आळीत माझ्या सायकलची कीव केली जाते, त्याच आळीतली पोरं त्यांच्याबरोबर सेल्फी काढतात. मला त्या सायकलस्वारांचा राग नाही, व्यायाम करावा माणसाने. पण त्याच हायवेच्या कडेने, त्याच वेळी, शिफ्ट संपवून परत येणारे सिक्युरिटी गार्डही सायकलवर असतात. त्यांना कुणी सायकलिस्ट म्हणत नाही. हा शब्द वाहनावरून पडत नाही, वाहन किती रुपयांचं आहे त्यावरून पडतो.

सरकारी योजनांनाही हीच दृष्टी आहे. मे २०२०मध्ये याच हायवेवरून, कसाऱ्याच्या घाटातून, हजारो माणसं पायी आणि जुन्या सायकलींवर उत्तरेकडे गेली. मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागून घरून काम करत होते. मागे भांडी बांधलेल्या, पुढे दांडीवर मूल बसवलेल्या सायकली आम्ही पाहिल्या, पाण्याच्या बाटल्या दिल्या. त्यानंतर महिन्याभरातच, जून २०२०मध्ये, केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाने सायकलींसाठी एक मोठा उपक्रम जाहीर केला, 'इंडिया सायकल्स फॉर चेंज'. शहरांसाठी!

शहरांनी तरी काय केलं? पुण्याने २०१७च्या शेवटी भाड्याच्या सायकली आणल्या, काही वर्षांत त्या गायब झाल्या. पवई तलावाभोवतीचा सायकल ट्रॅक उच्च न्यायालयाने मे २०२२मध्ये बेकायदा ठरवला. मुंबई महापालिकेने तानसाच्या जलवाहिनीच्या कडेने मुलुंडपासून पुढे ३९ किलोमीटरचा सायकलमार्ग आखला. आता ही तानसा कुठली, तर आमची. धरण शहापूर तालुक्यात, १८९२चं. पाणी इथून जातं, पाइप इथून निघतो आणि त्याच्या कडेचा सायकलमार्ग सुरू होतो मुलुंडला. पाण्याच्या बाबतीत आम्हाला याची सवय आहे. उन्हाळ्यात तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतो हे मुंबईकरांना दर मेमध्ये बातमीतून कळतं आणि जूनमध्ये विसरायला होतं.

आम्हाला काय मिळालं? ५ जून २०२५ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता आमच्या तालुक्याच्या जमिनी घेऊन गेला आणि त्यावर सायकल तर सोडाच, मोटारसायकललाही बंदी आहे. द्रुतगती मार्गावर ती असायलाच हवी, मला तिथे सायकल चालवायची नाही. मला माझ्या गावाहून स्टेशनला जायचं आहे. त्या वाटेवर सर्व्हिस रोड मध्येच संपतो, पुढचे तीनशे मीटर कंटेनरच्या बरोबरीने जावं लागतं किंवा उलट्या बाजूने. मी ते अंतर उतरून, कडेच्या मातीतून, सायकल हातात धरून चालते. हायवेखालच्या बोगद्यात पावसाळ्यात पाणी साठतं आणि दिवा नाही. हा दोन दिव्यांचा, एका गटाराचा आणि तीनशे मीटर डांबराचा प्रश्न आहे. तो 'सुरुवात कशी करावी'मध्ये का येत नाही? २०२२मध्ये देशातल्या रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं मेली, त्यात चार हजारांहून जास्त सायकलवर होती. त्यांना हेल्मेट घाला एवढंच सांगणार?

मला पहिली सायकल आठवीत शाळेतून मिळाली होती. निळी, पुढे जाळी. मुलींना सायकल देण्याच्या योजना आपल्याकडे आहेत आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही. बिहारने २००६मध्ये नववीच्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला तेव्हा माध्यमिक शाळेत योग्य वयात येणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं, मुलगे आणि मुलींमधली तफावत ४० टक्क्यांनी कमी झाली. शाळा मुलीपासून लांब असते हा प्रश्न चेन आणि दोन चाकांनी सुटतो, हे मोजून सिद्ध झालेलं आहे. मग तीच मुलगी वीस वर्षांची झाली आणि शाळेच्या जागी स्टेशन आलं की ती सायकल कुठे जाते? माझी धाकट्या भावाकडे गेली. त्याची मिशी फुटल्यावर तिच्या जागी गाडी आली. मी मात्र स्टेशनबाहेर पप्पांची वाट बघायला लागले. सरकार मुलीला बारावीपर्यंत सायकल देतं. पुढे तिने कुणाच्या तरी मागच्या सीटवर बसावं, असं जणू सगळ्यांनी मिळून ठरवलेलं आहे.

मुरबाडला माझी मावशी राहते, तिथे तर रेल्वेच नाही. कल्याणपर्यंत एसटी नाही तर जीप. कल्याण-मुरबाड रेल्वेची मागणी मी लहानपणापासून ऐकते आहे. पण मावशीच्या मुलाचं काम कल्याणला नाही, मुरबाडच्याच एमआयडीसीत आहे, घरापासून साडेपाच किलोमीटर. त्याच्या खात्यातल्या बहुतेकांची घरं सात-आठ किलोमीटरच्या आत. सगळे मोटारसायकलवर, निम्म्यांचे हप्ते चालू. मी त्याला माझा हिशेब सांगितला. तो म्हणाला, "ताई, गेटवर सायकल लावायला जागा नाही. आणि असती तरी पहिला मी नाही होणार. दुसरा होईन."

हे मी ऐकलेलं या विषयावरचं सगळ्यात प्रामाणिक वाक्य आहे. पहिला कुणालाच व्हायचं नाही. म्हणून पहिल्याची लाज कमी करण्याचं काम जागेने करायचं असतं. नेदरलँड्समध्ये उट्रेक्टच्या स्टेशनाखाली २०१९पासून साडेबारा हजार सायकलींचा तळ आहे. तिथले रेल्वेचे चाळीस टक्क्यांहून जास्त प्रवासी घरून स्टेशनला सायकलने येतात. ते लोक जात्याच थोर आहेत म्हणून नाही. तिथे सायकल लावायला जागा आहे आणि ती लावताना कुणी तोंडाकडे बघत नाही म्हणून. आपल्याकडे साडेबारा हजारांची गरज नाही. तालुक्यातल्या प्रत्येक लोकल स्टेशनाबाहेर पन्नास सायकलींची, पत्र्याचं छप्पर असलेली, दिवा असलेली जागा, आणि बोर्डावर चौथी ओळ. कंत्राट निघतं तेव्हा ती ओळ त्यात घालायला किती खर्च येतो? माझ्या धंद्यात याला पाच मिनिटांचं काम म्हणतात.

अर्ज मी दिला आहे. पोच मिळाली, उत्तर यायचं आहे.

पप्पांनी पहिले काही दिवस माझ्या सायकलकडे पाहिलं नाही. महिन्याभराने एका रविवारी ती अंगणात उलटी करून ठेवलेली दिसली. ते जुनं फडकं घेऊन चेन पुसत होते. म्हणाले, "चेन ढिली आहे. कुणी सांगितलं नाही तुला?" मी म्हटलं, कोण सांगणार. त्यांनी मागचं चाक सैल करून थोडं मागे ओढलं, नट आवळले, पॅडल हाताने फिरवून आवाज ऐकला. अ‍ॅटलसबद्दल ते काही बोलले नाहीत, मीही नाही. रात्री आता ते स्टेशनला येत नाहीत. बोगद्याच्या अलीकडे मी फोन करते, एवढंच ठरलं आहे.

वाहनतळाच्या भिंतीला आता माझ्याबरोबर आणखी तीन सायकली असतात. एक नर्सिंगला जाणाऱ्या मुलीची, एक गार्डची, तिसरी कुणाची ते माहीत नाही, पण सीट फार खाली आहे, एकदा गाठून सांगायला हवं. पावतीवाला मुलगा आता वाद घालत नाही. मला बघितलं की न विचारता पावती फाडतो, वाहनाच्या प्रकारासमोर 'टू व्हीलर' लिहितो आणि मोटारसायकलचे पैसे घेतो. चाकं मोजली तर त्याचं बरोबरच आहे म्हणा.